फजरनंतरची एक फेरी



आयोजक म्हणाले, ‘इंजिनीअर आहात, करिअरवर बोला.’ मी म्हटलं, पाखरांवर बोलतो. ते हसले, पण हो म्हणाले.

मी सावद्याचा. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, मधे केळीच केळी. २०२० च्या टाळेबंदीत लॅपटॉप घेऊन घरी आलो. दिवसभर स्क्रीन, मान आखडलेली. अम्मी म्हणाली, ‘फजरनंतर परत झोपू नकोस, शेताकडे फिरून ये.’

पहिल्या आठवड्यात मला दोनच प्रकारची पाखरं ओळखता येत होती : कावळा आणि कावळा नसलेली. मग एका बागेत पाणी देणाऱ्या बाबांनी तारेवरचा दुभंगल्या शेपटीचा काळा पक्षी दाखवला. ‘हा कोतवाल. कावयालेबी पयवून लावतो.’ खरंच आहे ते. कोतवाल घरट्याजवळ कावळ्या-घारींना फिरकू देत नाही, म्हणून लहान पाखरं त्याच्या आसऱ्याला घरटी बांधतात. इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत मला असं काही कुणी तारेवर दाखवलं नव्हतं.

हळूहळू डोळा बसला. केळफुलावर मध पिणारा सूर्यपक्षी, ट्रॅक्टरमागे चालणारे गायबगळे, विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे. हिवाळ्यात हतनूर धरणावर गेलो, तर लडाख-मध्य आशियाकडून आलेले चक्रवाक पाण्यावर होते. हतनूर आमच्या घरापासून किती जवळ! आणि मी तिशी ओलांडल्यावर ते पाहत होतो.

मग दुर्बीण घेतली. चौथ्याच दिवशी दोघांनी मोटारसायकल थांबवली. ‘काय बघतोस?’ मी म्हटलं, पिंगळा. नाव विचारलं. नाव ऐकल्यावर आवाज बदलला. पिशवी उघडायला लावली. आत वही, पाण्याची बाटली आणि दोन केळी. ते निघून गेले. मी आठ दिवस घराबाहेर पडलो नाही. राग होता, त्याहून जास्त लाज वाटत होती. कशाची लाज, ते आजही नीट सांगता येत नाही.

त्या आठ दिवसांत मी सालिम अली वाचले. जन्म मुंबईचा, १२ नोव्हेंबर १८९६. आईवडील लहानपणीच गेले, मामा अमीरुद्दीन तय्यबजींनी वाढवलं. छऱ्याच्या बंदुकीनं मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, म्हणून हा पोरगा चौकशी करत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पोचला. तिथं मिलार्ड साहेबांनी त्याला पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा खजिना दाखवला. पुढे पदवी नाही म्हणून मोठी जागा हुकली. १९३० च्या सुमारास हाताला काम नव्हतं, तेव्हा ते किहीमला राहून सुगरणीचे खोपे बघत बसले. नर अर्धाच खोपा विणतो. मादीनं पसंत केला तर पुरा करतो, मग दुसरा बांधायला घेतो. घराजवळ, रिकाम्या दिवसांत बघितलेल्या या गोष्टीनं त्यांचं नाव झालं.

आणखी एक. १८८४ नंतर ज्याचा खात्रीलायक पुरावा नव्हता, तो रानपिंगळा १९९७ मध्ये पुन्हा सापडला तो आपल्या खानदेशात, शहाद्याजवळ. आमच्या शेजारच्या यावल अभयारण्यातही त्याची नोंद आहे. शंभरावर वर्षं लोक ज्याला संपला म्हणत होते, तो आपल्या सातपुड्यात राहतच होता.

नवव्या दिवशी मी परत निघालो. आता कुणी विचारलं, तर आधी दुर्बीणच त्याच्या हातात देतो. ‘घ्या, तुम्हीच बघा.’ पिंगळ्याचे पिवळे डोळे दिसले की बहुतेक जण दोन मिनिटं नाव विचारायचं विसरतात. प्रत्येक वेळी जमतं असं नाही. पण ही वाट जितकी त्यांची, तितकीच माझी. घरी बसून ती माझी राहणार नव्हती.

तुम्हाला एवढंच सांगतो. उद्या सकाळी धाकट्या बहिणीला, भावाला सोबत घ्या. दुर्बीण नसली तरी चालेल. दहा पाखरं बघा, वहीत लिहा, नाव येत नसेल तर शेतातल्या माणसाला विचारा. घरट्याला हात लावू नका. मोहल्ल्यात कुणाच्या हाती गलोल दिसली तर रागावू नका, त्याला सोबत न्या. लहानपणी मीही गलोल चालवली आहे.