तीन मिनिटांचे गाणे



कोलकात्याच्या न्यू टाउनमध्ये कवी काझी नझरुल इस्लाम यांच्या स्मरणार्थ 'नझरुल तीर्थ' उभे आहे. १९२८ पासून नझरुल ग्रामोफोन कंपनीशी जोडले गेले आणि त्यांची गीते तबकड्यांवरून घरोघरी पोहोचली. म्हणूनच हे तीर्थ पाहणाऱ्याचे लक्ष विमानतळापलीकडील दमदमकडे, त्या कंपनीच्या ध्वनिमुद्रणगृहाकडे वळते.

भारतीय ध्वनिमुद्रणाचा इतिहास याच शहरात आरंभ पावला. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गायस्बर्ग यांनी येथे गोहरजान यांचे गायन मुद्रित केले. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यासमोर उंच स्वरात गावे लागे. तासभर रंगणारा राग सुमारे तीन मिनिटांत बसवावा लागे. तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे छापल्या जात. तेथील कारागिरांना ओळख पटावी, म्हणून गायिका शेवटी आपले नाव इंग्रजीत उच्चारीत.

अनेक उस्तादांनी आपली विद्या यंत्राच्या स्वाधीन करण्यास नकार दिला. समाजाने ज्यांना प्रतिष्ठा नाकारली होती, त्या गायिका मात्र धैर्याने पुढे आल्या.

१९०८ मध्ये सियालदहला तबकड्यांचा कारखाना निघाला. पुढे तो दमदमला गेला. मुंबईत मुद्रित झालेली मराठी नाट्यपदेही या कोलकात्यातच छापली जाऊन महाराष्ट्रात परतत.

ज्यांनी विद्या झाकून ठेवली, त्यांची आज केवळ कीर्ती ऐकू येते. ज्यांनी ती तीन मिनिटांत का होईना, पण सर्वांना दिली, त्यांचे गाणे ऐकू येते. ज्ञानमंदिरातील प्रत्येकाने हा भेद मनात जपावा.