केळफूल, कॅप्सूल आणि चौदा आकडे

(राजोडी येथील स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मला दहा मिनिटं दिली आहेत आणि मागे सुक्या बोंबलांचा वास सुटलाय, तेव्हा मी नऊच घेईन. आयोजकांचा आग्रह होता की तू सॉफ्टवेअरवाली, एआयवर बोल. पण गेले तीन महिने आपल्या ग्रुपवर एका वेगळ्याच गोष्टीवरून भांडण चाललंय आणि त्या भांडणात मी आहे. म्हणून त्यावरच बोलते.

आपली एक मैत्रीण इथे राजोडीतच वाडी सांभाळते. तिच्या घरची सुकेळी तुम्ही सगळ्यांनी खाल्ली आहेत. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची आणि सुक्या पानात बांधायची. तिच्या आजीच्याही आधीपासूनचा उद्योग. गेल्या पावसाळ्यात तिला कोणीतरी सांगितलं की सुकेळ्यात पैसा नाही, केळफुलाचा अर्क काढून त्याच्या कॅप्सूल विक, साखर उतरते म्हणून लोक घेतील. तिने कॅप्सूल भरून देणाऱ्याला आगाऊ रक्कमही दिली आणि मला मेसेज टाकला: "तू इंजिनिअर ना, तो परवान्याचा ऑनलाइन फॉर्म भरून दे."

मी फॉर्म भरला नाही. थांब म्हटलं. ती चिडली. "केळफुलाची भाजी आपण जन्मभर खातो, तेव्हा कोणाला विचारलं होतं?" असं तिने ग्रुपवर लिहिलं आणि त्याला तुम्ही सत्तावीस जणांनी अंगठा दिलात. मी मोजले.

आता मी का अडले ते सांगते. हे मी फक्त घरच्यांना सांगितलं होतं.

2021 साली घरून काम करताना माझं वजन भरमसाट वाढलं. वृक्षाम्लाच्या अर्काच्या कॅप्सूल मी ऑनलाइन मागवल्या. मनात हिशेब असा की हे आपल्या कोकमाचंच भावंड, सार तर आपण वाटीने पितो. डबीवर एफएसएसएआयचा शिक्का आणि चौदा आकडी नंबर होता. म्हटलं, सरकारने तपासलंय. दीड महिन्याने अंगाला खाज, लघवी चहासारखी, जिना चढताना धाप. रक्ततपासणीत यकृताचे आकडे इतके वर गेलेले की डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी बोलावलं. औषधं काय घेता, विचारलं. मी म्हटलं, काही नाही. आणि मला ते खरंच वाटत होतं! त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं, "पावडर, काढा, कॅप्सूल?" तेव्हा डबी आठवली. ती बंद केली आणि अडीच महिन्यांत आकडे खाली आले. ती कॅप्सूलच कारणीभूत होती असं खात्रीने सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मीही म्हणत नाही. पण अशा अर्काने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, हे मला नंतर कळलं.

बरी झाल्यावर मी तो चौदा आकडी नंबर कशाचा, हे शोधलं. तो परवाना उत्पादकाचा असतो. या माणसाला अमुक जागी खाद्यपदार्थ बनवायची मुभा आहे, एवढंच तो सांगतो. डबीतला पदार्थ कोणी अभ्यासून मंजूर केला आहे, असा त्याचा अर्थ नाही. आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक होतं? हात वर करू नका, लाज वाटेल.

नव्या पदार्थाची मंजुरी हे वेगळं प्रकरण आहे. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यात कलम 22 आहे. नवीन प्रकारचं अन्न नियमांत बसल्याशिवाय बनवता, विकता किंवा आयात करता येत नाही, असं ते म्हणतं. पण नियमच नव्हते. मग 2013 च्या मे महिन्यात प्राधिकरणाने एक सूचनापत्रक काढून सांगितलं की आमची मंजुरी घ्या. कंपन्या मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. व्हायटल न्यूट्रास्युटिकल्सचा तो खटला; 30 जून 2014 ला निकाल लागला की केंद्राची संमती, आधी प्रसिद्धी, संसदेपुढे मांडणी हे काहीच न करता काढलेल्या पत्रकाला कायद्याचं बळ नाही. पुढच्या वर्षी 13 ऑगस्टला याच न्यायालयाने मॅगीवरची बंदी उठवली, ते सगळ्यांना आठवतं. त्यानंतर सहाच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने या पत्रकाच्या खटल्यातला निकाल कायम केला, ते कोणाला आठवत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर कोणी तपासण्याआधीच कोड थेट लाइव्ह केला आणि तो मागे घ्यावा लागला. हेतू वाईट नव्हता, पण हेतूवर सिस्टीम चालत नाही. मला तो निकाल योग्य वाटतो, जरी त्यामुळे मधे पोकळी राहिली तरी. नवीन पदार्थांच्या मंजुरीचे रीतसर नियम आले सप्टेंबर 2017 मध्ये.

त्या नियमांत आपल्या भांडणाचं उत्तर आहे. माणसांनी पूर्वी खाल्ल्याचा इतिहास नसेल तो पदार्थ नवीन, हे सरळच आहे. पण इतिहास असलेली वस्तूसुद्धा नवीन ठरू शकते. नव्या तंत्राने तिची घडण, रचना किंवा कणांचा आकार इतका बदलला, की त्यामुळे तिचं पोषणमूल्य, शरीरात होणारं काम किंवा नको त्या द्रव्यांचं प्रमाण बदलू शकेल, तर इतिहास कामाला येत नाही. केळफुलाची भाजी जुनी आहे. किती किलो केळफूल कोणत्या द्रावकात घालून एका कॅप्सूलमध्ये बसवलंय, हे माहीत नसलेली कॅप्सूल जुनी कशी?

आणि जुनं ते सगळं निर्धोक, असंही नाही. विदर्भातली लाखोळी डाळ घ्या. दुष्काळात महिनोन्‌महिने तीच पोटात गेली की पाय लुळे पडतात, म्हणून 1961 साली तिच्या विक्रीवर बंदी आली. पुढे महाराष्ट्राने ती उठवली, कारण थोड्या प्रमाणात, इतर धान्याबरोबर खाणाऱ्यांचं गणित वेगळं होतं. प्रश्न किती आणि कशासोबत, हाच.

जर्मनीतल्या आपल्या मित्राने ग्रुपवर लिहिलं की युरोपात याची तारीखच ठरलेली आहे: 15 मे 1997. त्याआधी तिथे फारसं खाल्लं न गेलेलं सगळं नवीन. आपण तेव्हा दहावीच्या निकालाची वाट बघत सुरूच्या बनात पत्ते खेळत होतो! दुसऱ्या देशात पंचवीस वर्षं सुरक्षितपणे खाल्लं जातंय असं दाखवता आलं, तर तिथे सोपी वाटही आहे. आपल्याकडे अशी तारीख नाही. त्यामुळे "इतिहास" म्हणजे किती वर्षं, कोणत्या गावाची, यावर वाद घालायला जागा राहते, आणि मला ती खटकते. राजोडीच्या आजीने पंचवीस वर्षं काय खाल्लं, हे कोणत्या कागदावर आहे?

मैत्रिणीला मी शेवटी फोन केला. कॅप्सूलवाल्याला विचारायला सांगितलं: अर्क कशात काढला, रोजचा डोस कशावरून ठरवला, त्याची विषारीपणाची तपासणी कुठे झाली, आणि केळफूल पूरक आहाराच्या नियमांतल्या यादीत आहे का, नसल्यास 2017 चा अर्ज कोण करणार. टीचर, तुमची जर्नल आठवली. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. आम्ही अनुमान मित्राच्या वहीतून आधी उतरवायचो आणि मग प्रयोग करायचो. कॅप्सूलवाल्याकडेही अनुमान तयार होतं, "साखर उतरते". वरचे तीन रकाने कोरे. त्याने उत्तर दिलं की एवढं कोणी विचारत नाही.

आगाऊ रकमेपैकी निम्मीच परत मिळाली. उरलेली बुडाली आणि त्याबद्दल ती अजून माझ्यावर थोडी नाराज आहे, तिचा हक्क आहे. तीन आठवडे तिने माझा फोन घेतला नव्हता. काल रात्री मात्र आम्ही दोघी तिच्या ओटीवर बसून सुकेळ्यांच्या पुड्यांसाठी लेबल लिहीत होतो. घटक पदार्थाच्या जागी एकच शब्द आला: राजेळी केळी. दोन शब्द, ती म्हणाली. माझं मराठी तेव्हाही असंच होतं.

पुड्या जेवणाच्या टेबलाशेजारी ठेवल्या आहेत. तिला रोख द्या, तिथे नेटवर्क येत नाही.