वॉर्ड आणि गार्ड

येथे रायपूरला कोणत्याही सरकारी कचेरीत घटकाभर बसलात, तर वॉर्ड, वॉर्डन, गार्ड आणि गार्डियन हे चार शब्द कानी पडल्यावाचून राहत नाहीत. शहराचा वॉर्ड, वसतिगृहाचा वॉर्डन, दाराशी उभा असलेला गार्ड आणि मुलाच्या अर्जावर सही करणारा गार्डियन. चौघांची कामे निराळी. कुळ मात्र एक, आणि त्या कुळाचा मूळ धंदा पहाऱ्याचा.

हे कुळ जर्मानिक. त्यातला वॉर्ड इंग्लंडात पूर्वापार नांदत होता. त्याचा एक सगोत्र फ्रँक लोकांबरोबर आजच्या फ्रान्सच्या भूमीत गेला आणि तिथलाच झाला. तेथे उच्चाराचे दोन पंथ पडले. उत्तरेस, नॉर्मंडीच्या बाजूला, आरंभीचा ‘व’ टिकला. पॅरिसकडे त्याचा ‘ग’ झाला. 1066 साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले, तेव्हा ‘व’कारी शब्द त्यांच्याबरोबर गेले, पुढे पॅरिसच्या भाषेचा मान वाढला, तसे ‘ग’कारीही जाऊन पोहोचले. ज्या विल्यमने इंग्लंड जिंकले, त्यालाच फ्रेंच लोक गियोम म्हणतात. याहून बोलका दाखला कोणता द्यावा?

इंग्रजीने दोघांनाही ठेवून घेतले, पण कामे वाटून दिली. 1890 च्या एका कायद्याच्या नावातच गार्डियन आणि वॉर्ड शेजारी बसले आहेत: एक सांभाळणारा, दुसरा सांभाळला जाणारा. आपले पालक आणि पाल्य हे शब्दही असेच एका धातूचे. छत्तीसगडात या वॉर्डला एके काळी मोठे वजन होते. जमीनदार अल्पवयीन असला की त्याची इस्टेट कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या ताब्यात जाऊ शके. मध्यप्रांतात त्यासाठी 1899 चा स्वतंत्र कायदा होता. 1951 साली जमीनदाऱ्या गेल्या. आता वॉर्ड म्हटले की इस्पितळ आठवते, नाहीतर निवडणूक. गार्डचेही दिवस पालटले. रेल्वेने 2022 साली त्याला ‘ट्रेन मॅनेजर’ केले. मला जुनेच नाव अधिक भारदस्त वाटते, पण विचारतो कोण!

श्रोतेहो, ‘व’ आणि ‘ग’ यांची दुसरी जोडी आपल्या खिशाशी अधिक जवळची आहे: वॉरंटी आणि गॅरंटी. दुकानदार दोन्ही शब्द एका दमात उच्चारतो आणि आपण दोहोंना ‘हमी’ म्हणून मोकळे होतो. कायदा तसे करीत नाही. 1930 च्या मालविक्रीच्या कायद्यात वॉरंटी ही सौद्याची दुय्यम अट आहे; ती मोडली तर नुकसानभरपाई मागता येते, पण तेवढ्यावरून माल नाकारता येत नाही. 1872 च्या कराराच्या कायद्यातील गॅरंटीत तिसरा माणूस येतो. त्याने कर्ज फेडले नाही, तर मी फेडीन, असा तिचा अर्थ. आणि करारात वेगळे ठरलेले नसेल, तर सही करणाऱ्याची जबाबदारी ऋणकोच्या जबाबदारीइतकीच असते. सावकाराने आधी ऋणकोलाच गाठले पाहिजे, असेही नाही.

यासाठी मराठीत ‘जामीन राहणे’ हा खणखणीत शब्दप्रयोग आहे. भाच्याला जामीन राहा म्हटले, की मामा चार दिवस विचार करतो. गॅरंटीच्या कागदावर मात्र चहा घेता घेता सही होते.