घोड्याचा कामाचा दिवस



कामगार संघटनेच्या माणसाने घोड्यावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण टांगेवाले, हमाल आणि वीटभट्टीवरचे मजूर यांच्यात ज्याचे आयुष्य गेले त्याला घोडा परका नसतो. टांगेवाल्याचे गाऱ्हाणे ऐकायला बसावे, तो निम्मे गाऱ्हाणे घोड्याचेच निघे! शाळा माझी सातवीत सुटली. मला जे कळते ते नालबंदांनी, मोतद्दारांनी आणि मिळतील त्या पुस्तकांनी शिकवलेले.

टांगे गेले, घोडा गेला नाही. मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातील मालेगावला खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. आपल्याकडची तरुण मुले तिथून हौसेने घोडा आणतात, कोणी शर्यतीसाठी, कोणी वरातीत नाचवण्यासाठी. हौसेला माझा विरोध नाही. २०२३ साली चीनमधील हांगचौच्या आशियाई खेळांत शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेत आपल्या चौघा स्वारांनी सांघिक सुवर्णपदक मिळवले. अश्वारोहणात १९८२ नंतर, म्हणजे ४१ वर्षांनी, आपल्याला सुवर्ण मिळाले. त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता. या स्पर्धेत घोडा किती जोरात पळतो हे कोणी पाहत नाही. स्वाराच्या किती हलक्या इशाऱ्यावर तो चालतो, हे पाहतात. आणि आपल्याकडे वरातीत नाचवायला त्याच्या तोंडात काटेरी लगाम घालतात! जिभेतून रक्त येते, आणि लोक म्हणतात, घोडा काय रंगात आला आहे!

असा लगाम बेकायदा आहे. ओढीच्या व ओझ्याच्या जनावरांसाठी केंद्र सरकारने १९६५ साली नियम केले, त्यात काटेरी लगामाला बंदी आहे. त्याच नियमांत आणखी एक कलम आहे, ते वाचून मी चकित झालो. जनावराकडून दिवसाला ९ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचे नाही, सलग ५ तासांपेक्षा जास्त घ्यायचे नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ अजिबात घ्यायचे नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात प्रौढ कामगाराला हेच दोन आकडे दिले होते : दिवसाचे ९ तास, आणि ५ तासांच्या आत विश्रांती. हौसेच्या घोड्याला हे कलम शब्दशः लागते की नाही, तो वकिलांचा प्रश्न. उन्हाळ्यातल्या आपल्या दुपारी घोड्याला मात्र वकील लागत नाही. तो सावली शोधतो.

आता मुख्य गोष्ट वयाची. घोडा कधी घ्यावा यापेक्षा त्याच्यावर कधी बसावे, हे अधिक महत्त्वाचे. दात पाहावेत. अडीच वर्षांच्या सुमारास पुढचे मधले दुधाचे दात पडून पक्के येतात, साडेतीनला त्यांच्या शेजारचे, साडेचारला कडेचे. पाचव्या वर्षी तोंड पुरे होते. पाठीचे मणके भरायला तर पाच-सहा वर्षे लागतात. दोन वर्षांच्या शिंगरावर दणकट गडी बसवून त्याला भरधाव सोडणे म्हणजे लहान पोराच्या पाठीवर पोते देणे. तिसऱ्या वर्षी त्याला लांब दोरीवर दोन्ही अंगांनी गोल फिरवा, खोगिराची सवय करा, थांब म्हटले की थांबायला शिकवा. पुढे हलका स्वार, चाल आणि दुडकी. भरधाव सर्वांत शेवटी. एका बैठकीला अर्धा तास पुष्कळ. घोडा कंटाळण्याच्या आधी थांबावे.

खाण्याविषयी सांगतो. घोड्याचे पोट अंगाच्या मानाने लहान असते आणि त्याला ओकता येत नाही. म्हणून आधी वैरण, मग चंदी. चंदीही थोडी थोडी, दिवसातून तीन वेळा. शर्यतीच्या आदल्या रात्री घमेलेभर हरभरा घालणारे शौकीन मी ऐकले आहेत. त्या घोड्याला सकाळी शर्यत नव्हे, पोटशूळ मिळतो. तो लोळू लागला, वळून कुशीकडे पाहू लागला, लीद बंद झाली, की घरचे औषध न पाजता डॉक्टर बोलवावा. पशुवैद्यकाचे महाविद्यालय आपल्या परभणीतच आहे.

दाणावैरणीवरून आठवले. शिवाजी महाराजांनी चिपळूणकडील आपल्या लष्कराला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेली वैरण आताच मनमानीने उडवाल तर पुढे घोडी उपाशी मरतील, आणि तो दोष तुमचा, असे त्यात बजावले आहे. उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी जळतील, इथपर्यंत काळजी! राजा एवढ्या बारकाईने लिहितो, कारण घोडदळ गंजीवर उभे असते हे त्याला ठाऊक होते.

रोज सकाळी खरारा करताना पुढच्या पायांच्या मागच्या नसा हाताने चाचपाव्यात. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला तर त्या दिवशी खोगीर खुंटीवरच राहू द्या. खोगीर काढल्यावर पाठ पाहा; सगळीकडे घाम आणि मध्येच कोरडा ठिपका असेल तर तिथे खोगीर रुतते आहे. जबड्याखालची नाडी मोजा : विश्रांतीत मिनिटाला ३० ते ४०. धनुर्वाताची लस चुकवू नका. घोड्याला हा रोग फार लवकर धरतो. आणि दर पाच-सहा आठवड्यांनी नालबंद.

पण हे सारे करतो कोण? मालक नव्हे, मोतद्दार. पहाटे उठतो तो, गरम पाय प्रथम कळतो त्याला. पदक स्वाराच्या गळ्यात पडते याबद्दल माझी तक्रार नाही. मोतद्दाराला पगार वेळेवर नाही, रजा नाही, घोड्याची लाथ बसली तर औषधाचा खर्च नाही, याबद्दल आहे. ज्याला उद्याची खात्री नाही तो गरम पाय मालकाला सांगायला भितो, कारण शर्यत चुकली तर बोलणी त्यालाच बसतात. मग घोडा लंगडाच पळतो.

म्हणून मालेगावच्या बाजारात दात पाहण्याआधी एक करा. या घोड्याला चंदी कोण घालतो, ते विचारा. त्या माणसाला घोड्याजवळ जायला सांगा आणि घोड्याचे कान पाहा. पुढे झाले तर भावाचे बोला. मागे पडले तर दावणीतला पुढचा घोडा पाहा.

आता कोणाला काही विचारायचे असेल तर अवश्य विचारावे.