वैरणीला गोडी कशाची?

काही तयार पशुखाद्यांत चवीसाठी सॅकरिन घालतात. ते साखरेच्या शेकडो पट गोड असतं, पण अंगी लागत नाही. खिलार गुरांच्या मुलखात, सांगोल्यात, त्याची गरजच काय? काळपट, पण बुरशी न धरलेला गूळ घ्या. बादलीभर पाण्यात किलोभर गूळ आणि मूठभर मीठ विरघळवा. कडब्याची कुट्टी पसरून झारीने शिंपडा, हाताने खालीवर करा आणि लगेच गव्हाणीत टाका. ओली कुट्टी ठेवली की आंबलीच म्हणून समजा. गुळाचं प्रमाण मात्र एकदम वाढवू नका; पोटात आम्ल वाढतं, रवंथ मंदावतो.

उसाचे वाढेही गोड, जनावरं त्यावर तुटून पडतात. टंचाईत त्यांचाच आधार असतो. पण त्यातलं ऑक्झालेट शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. म्हणून नुसते वाढे नकोत. सोबत कडबा, हिरवा चारा आणि खनिज मिश्रण हवंच.

आणि रोजची वैरण गाय अचानक टाकत असेल, तर गूळ शोधण्याआधी ताप पाहा, दात-जीभ तपासा आणि पशुवैद्यकांना बोलवा.