दगड बांधणारे जीव आणि आपण

(विहाराच्या वर्धापनदिनी येडशी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला दोन शब्द बोलायला सांगितले. आम्ही काही विद्वान नाही. सातवी झाली आणि मिलमध्ये लागलो. तेव्हाच्या छोट्या गाडीने बार्शीला जायचे, पाळी करायची, परत यायचे. उभी हयात रिंग खात्यात तुटलेला धागा सांधण्यात गेली. जे काही शिकलो ते वाचनालयाच्या पुस्तकांतून. तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्यावे.

आज आम्ही एका दगडाविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, शेंदूर फासलेले दगड आपण केव्हाच सोडले, हा पुन्हा दगड काय घेऊन बसला! पण हा दगड पूजायचा नाही, समजून घ्यायचा आहे. शास्त्रात त्याला स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात.

आपल्या रामलिंग घाटातला काळा दगड लाव्ह्याचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून तापलेला रस आला, पसरला, थंड झाला. त्याला कोणा जीवाचा हात लागलेला नाही. स्ट्रोमॅटोलाइटचे तसे नाही. तो डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवाणूंनी थरावर थर चढवून बांधलेला असतो.

कसा बांधतात ते ऐका. उथळ पाण्याच्या तळाशी नीलहरित जीवाणूंचा बुळबुळीत थर धरतो. रांजण आठ दिवस घासला नाही तर आतून हात लावून बघा, तसाच. त्या चिकट थरावर पाण्यातली बारीक माती-वाळू बसते. शिवाय हे जीवाणू उन्हावर आपले अन्न तयार करताना पाण्यातला कर्बवायू ओढून घेतात. तो कमी झाला की पाण्यात विरघळलेला चुना खाली बसतो. आपल्या हंड्याला पांढरा खार चढतो ना, तसा. आता जीवाणू दबले, ऊन मिळेना. मग ते वर सरकतात आणि नवा थर धरतात. खाली चुन्याचा थर राहतो. असे वर्षानुवर्षे चालते.

आणि हे काम एकट्या जातीचे नाही. वर ऊन घेणारे, त्यांच्या खाली थोडक्या उजेडावर भागवणारे, त्याहून खाली अंधारात वरच्यांचे उरलेसुरले खाणारे. एकाचे टाकाऊ ते दुसऱ्याचा घास. कोणी कोणावर उपकार करत नाही, पण एकावाचून दुसऱ्याचे चालतही नाही. कारणावाचून काही घडत नाही, हे भगवान बुद्धांनी शिकवले. ते इथे उघड्या डोळ्यांनी दिसते.

पश्चिम ऑस्ट्रेलियात सुमारे साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वीचे असे दगड सापडले आहेत. तेव्हा ना झाड होते, ना मासा. हवेत प्राणवायूसुद्धा नव्हता. तो हवेत साठायला लागला साधारण २४० कोटी वर्षांपूर्वी, आणि तो सोडला अशाच नीलहरित जीवाणूंनी. आज आपण जो श्वास घेतो त्याची सुरुवात या बुळबुळीत थरातून झाली.

तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटडा म्हणून खाण आहे. तिथला फॉस्फेटचा दगड म्हणजे हेच जुने स्ट्रोमॅटोलाइट. अशा दगडापासून सुपर फॉस्फेट खत होते. इकडे खाली कर्नाटकात बागलकोटकडच्या चुनखडकातही ते आहेत.

हे झाले मेलेले. जिवंत आजही आहेत. पश्चिम ऑस्ट्रेलियातच शार्क बे म्हणून जागा आहे, तिथल्या हॅमेलिन पूल या खाडीत. १९५६ साली ते लोकांच्या ध्यानात आले. त्याच साली नागपूरला आपली धम्मदीक्षा झाली. हा निव्वळ योगायोग, त्यात चमत्कार शोधू नका! त्या खाडीचे पाणी समुद्राच्या दुप्पट खारट, म्हणून हा थर कुरतडणाऱ्या गोगलगायी तिथे फारशा टिकत नाहीत. १९९१ पासून ती जागा जागतिक वारसा आहे. हे दगड वर्षाला अर्धा मिलिमीटरसुद्धा वाढत नाहीत. म्हणजे आज कमरेएवढा असलेला दगड भगवान बुद्धांच्या काळाच्या आसपास सुरू झाला असेल. मागच्या शतकात तिथून लोकरीचे गठ्ठे नेणाऱ्या उंटगाड्या या थरावरून गेल्या, त्यांच्या चाकोऱ्या अजून बुजलेल्या नाहीत. बांधायला हजारो वर्षे, तुडवायला एक दिवस.

आपल्या महाराष्ट्रात बुलढाण्याचे लोणार सरोवर आहे. जून २०२० मध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा लोक काय काय बोलले! कोणी कोप म्हणाले, कोणी चमत्कार. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले. खारटपणा वाढल्याने वाढलेल्या सूक्ष्मजीवांचा तो रंग निघाला. पोराबाळांना एवढेच शिकवा, की आधी तपासा, मग बोला.

आता शेवटचे, आणि थोडे कडू. या विहाराच्या फरशीवर देणगीदारांची नावे कोरायची ठरली, तेव्हा नाव वर कुणाचे, खाली कुणाचे, यावरून आपल्यात वाद झाला. दोन सख्खे भाऊ बोलेनासे झाले. आम्ही दुसऱ्याला कशाला बोट दाखवावे? आमचे नाव खाली आले म्हणून आम्ही स्वतः दोन वर्षे या दारात पाऊल टाकले नाही. आमची म्हातारी आई एकटी काठी टेकत वंदनेला यायची, आणि आम्ही घरी फुगून बसायचो. ती गेली. तिच्यासोबत इथे बसायची दोन वर्षे आम्ही घालवली, ती परत येत नाहीत.

त्या दगडात कोणत्या थरावर कुणाचे नाव आहे? खालचा थर नसता तर वरचा उभा राहिला असता का? ज्या आयाबायांनी रोजगारातून रुपया-दोन रुपये काढून पाया भरला, त्यांची नावे तर फरशीवर नाहीतच.

म्हणून आमची समितीला विनंती आहे. आमच्या नावाची ओळ काढून टाका. ती फरशी बदलायचा खर्च आम्ही देऊ, पण पावतीवर नाव आमच्या आईचेही नको, नुसते 'एक उपासक' लिहा. आणि ते दोघे भाऊ आज इथेच बसले आहेत. त्यांनी निघताना एकमेकांना जयभीम घालावा, एवढेच मागणे.

जयभीम! नमो बुद्धाय!