न्यायासन आणि पंचासन
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



पारतंत्र्यात दाद मागण्याचे आपले शेवटचे दार लंडनमध्ये होते. प्रिव्ही कौन्सिलपर्यंत अपील नेणे सामान्य कुळाच्या किंवा विधवेच्या आवाक्यात नव्हते. १९४९ साली कायद्याने ते दार बंद झाले आणि २८ जानेवारी १९५० रोजी दिल्लीस संसदभवनातील नरेंद्रमंडळाच्या दालनात सर्वोच्च न्यायालयाचे उद्घाटन झाले. हरिलाल कणिया हे पहिले सरन्यायाधीश. स्वतःची वास्तू मिळण्यास पुढे १९५८ साल उजाडले.

नव्या राष्ट्राने जुने सारे मोडले नाही, हे येथे ध्यानात घ्यावे. मुंबईचे उच्च न्यायालय १८६२ पासूनचे. ते चालूच राहिले. १८६० सालची दंडसंहिता तर २०२४ पर्यंत टिकली. पालटले ते अधिष्ठान. परकीय राजसत्तेच्या जागी लोकांची घटना आली. तिच्या बत्तिसाव्या अनुच्छेदाने मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याची वाट मोकळी केली. डॉ. आंबेडकरांनी या अनुच्छेदास घटनेचा आत्मा म्हटले, ते यथार्थच होय.

परंतु खरे अवघड काम तालुक्याच्या कचेरीत होते. तेथे मामलेदार सरकारची वसुली करी आणि फौजदारी खटलेही चालवी. ज्याच्या हाती सत्ता, त्याच्याच हाती न्याय! पन्नासाव्या अनुच्छेदाने यांची फारकत करण्यास सांगितले. मुंबई राज्याने १९५१ साली तसा कायदा केला; देशाच्या बहुतेक भागात मात्र १ एप्रिल १९७४ पासून, नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेने, ही फारकत झाली. एका तत्त्वास कचेरीपर्यंत पोहोचण्यास चोवीस वर्षे लागली.

आता तेच तत्त्व आपल्या दारी उभे आहे. जातपंचायतीत आरोप करणारे, चौकशी करणारे आणि दंड ठोठावणारे पंच एकच असत. वाळीत पडलेल्या कुटुंबाने दाद मागावी कोणाकडे? महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला व २०१७ पासून तो अंमलात आला. त्याचा राग मानण्याचे आपणांस कारण नाही. मामलेदाराच्या बाबतीत जे आपणांस अन्याय्य वाटले, ते पंचांच्या बाबतीत न्याय्य कसे ठरेल?

पंचांनी समेट जरूर घडवावा; शिक्षा मात्र देऊ नये. आणि आपल्यातील कोणी न्यायालयाची पायरी चढला, तर त्यास घरभेद्या न म्हणता मंडळाने त्याच्या सोबतीस जावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.